आधी कंदील सोडा

धान्याचं पेव फुटलेलं आमच्या पिढीतल्याही फार थोड्यांनी पाहिलं असेल. पण साहसाचं पेव फुटलं की काय होतं ते हल्ली दर शनिवार-रविवारी फुकट पाहायला मिळतं. पावसाचे चार थेंब पडले रे पडले की आमच्या जयसिंगपुरातली धट्टीकट्टी, मिळवती, दोन-दोन मुलांचे बाप असलेली माणसं पाठीला पिशव्या बांधून सह्याद्रीकडे तोंड करतात आणि सोमवारी सकाळी गुडघे आणि कोपरं सोलून परत येतात. परत येतात ती हसत येतात हे विशेष. "काय झालं हो?" म्हणून विचारावं, तर उत्तर एकच : "थ्रिल!" हेच गुडघे घरातल्या फरशीवर पाय घसरून फुटले असते तर याच गृहस्थांनी बायकोला, मोलकरणीला आणि फरशी बसवणाऱ्या गवंड्याला आठवडाभर फैलावर घेतलं असतं.

डोंगर चढणाऱ्यांशी माझं भांडण नाही. वर गेलेला माणूस निदान खालून दिसतो. माझं भांडण आहे ते जमिनीच्या पोटात शिरणाऱ्यांशी. अंधार, ओल, पोटाला वरून दगड, पाठीला खालून चिखल, गळ्यापर्यंत पाणी, आणि पुढच्या माणसाच्या बुटाचा तळवा आपल्या नाकाशी. या अवस्थेला पैसे भरून जायचं, वर तिला 'अनुभव' म्हणायचं, आणि जो येत नाही त्याला भित्रा म्हणायचं, याबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. चार म्हणजे अंदाजे.

मी विम्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे मित्रमंडळींत माझं मत आधीच बाद धरलेलं असतं. "ह्याला काय विचारतोस लगा, ह्यो जिन्यावरनं उतरताना सुद्धा वारसाचं नाव इचारतोय," असं अण्णा म्हणतात. अण्णांचा तंबाखूचा व्यापार. दुसरे बापू, यांचा ऊस आहे आणि देहही उसाच्या ट्रॉलीच्या मापाचा आहे. तिसरे मास्तर, भूगोलाचे. निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. या तिघांना साठीच्या आसपास एकदम भूगर्भाची ओढ लागली. माणसाला या वयात भूगर्भाची ओढ लागण्यात तसं गैर काही नाही, पण ती जरा शांतपणे लागावी.

आता जयसिंगपुरात राहून भुयारात शिरायची हौस धरणं म्हणजे राजस्थानात नावाडी होण्यासारखं आहे. आमचं गाव शाहू महाराजांनी १९१७ साली वसवलं, वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव दिलं आणि पट्टी घेऊन आखल्यासारख्या सरळ गल्ल्या पाडल्या. गल्ल्यांना नंबर. सातव्या गल्लीतून निघालेला माणूस आठव्या गल्लीतच पोचतो. एवढ्या उजेडात आणि सरळपणात वाढलेल्या माणसांना वाकड्या अंधाराचं आकर्षण वाटत असेल, तर ते मी समजू शकतो. शिवाय गाव सपाट, माती काळी, पलीकडे कृष्णा, अलीकडे पंचगंगा. इथे चार फूट खणलं की गुहा नाही, पाणी लागतं. आणि २००५, २०१९, २०२१ साली तर न खणताच शिरोळ तालुक्याला पाणी लागलं होतं.

मास्तरांना विचारलं तर ते खडू नसतानाही हात फळ्यावर असल्यासारखा हलवत सांगतात, की खरी नैसर्गिक गुहा हवी तर चुनखडीचा दगड हवा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आंबट होतं आणि लाखो वर्षं चुनखडी विरघळवत राहतं; त्यातून दालनं होतात, बोळ होतात, लोंबते सुळे होतात. आपला महाराष्ट्र पडला काळ्या कातळाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. हा कातळ पाण्याला दाद देत नाही. म्हणून आपल्याकडे निसर्गाने गुहा केल्या नाहीत तर माणसांनी छिन्नी घेऊन लेणी केली. कार्ले, अजिंठा, वेरूळ ही सगळी हातची कामं. आणि जी काही घळ निसर्गाने ठेवली तिच्यात मराठी माणूस सरपटला नाही, मांडी घालून बसला. समर्थांनी शिवथरघळीत बसून दासबोध सांगितला असं परंपरा सांगते. गुहेचा याहून चांगला उपयोग कोणी केला असेल तर मला दाखवा. सरपटून कोणी ओवी केल्याचं ऐकिवात नाही.

पण आपली भुयाराची हौस दगडावर अवलंबून नाही. महाराष्ट्रात असा किल्ला नाही की ज्याच्या भुयाराचं दुसरं तोंड चाळीस मैलांवर निघत नाही. वाटाड्याला विचारा.

"हितनं आत गेलं की थेट पन्हाळ्याला निघतंय."

"तू गेला होतास?"

"म्या न्हाई. पर आज्ज्यानं कोंबडं सोडलं हुतं. त्ये तिकडं निघालं."

हे कोंबडं महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या भुयारांतून जाऊन आलेलं आहे. काही गावांत त्याच्या जागी बकरं असतं. काही ठिकाणी वाजतगाजत अख्खं वऱ्हाड आत गेलेलं असतं आणि ते अजून बाहेर आलेलं नसतं. अमावास्येला कान लावला तर सनई ऐकू येते. या कथांवर माझा बिलकुल राग नाही. आजीच्या तोंडून ऐकाव्यात, पांघरूण ओढून झोपावं. राग आहे तो कोंबड्यामागोमाग स्वतः आत शिरणाऱ्यांवर. कारण दंतकथेत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे माप.

आणि माप घेणं अशक्य असतं असंही नाही. आंध्रातल्या बेलमच्या गुहा घ्या. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८४ साली त्यांची नोंद केली. पुढे १९८२ च्या सुमारास जर्मन गुहासंशोधकांची तुकडी आली, फीत आणि होकायंत्र घेऊन चिखलात लोळली आणि नकाशा करून गेली. लांबी निघाली ३,२२९ मीटर. तीन हजार दोनशे एकोणतीस! शेवटचे एकोणतीससुद्धा सोडले नाहीत. मगच तिथे दिवे आले, जिने आले, तिकीट आलं आणि आमच्यासारखे लोक पॉपकॉर्न खात आत जाऊ लागले. आपलं भुयार मात्र अजून कोंबड्याच्याच भरवशावर.

माझ्यावर आरोप आहे की मला अंधाऱ्या पाण्यात उतरायची भीती वाटते. हे साफ खोटं. बिदरच्या झरणी नरसिंहाला मी उतरलो आहे. मिरज, सोलापूर, हुमनाबाद करत आम्ही चौघं बिदरला पोचलो ते रात्री, आणि पहाटे दर्शनाच्या रांगेत उभे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : डोंगराच्या पोटात सुमारे तीनशे मीटरचा बोगदा आहे आणि त्यात बारमाही झऱ्याचं पाणी. आधी कमरेला, मग छातीला. त्या पाण्यातून चालत जायचं, शेवटी भिंतीवर नरसिंह आणि जवळ शिवलिंग. कथा अशी, की नरसिंहाने हिरण्यकशिपूनंतर जलासुराला मारलं. मरताना त्या असुराने देवाला आपल्या गुहेत राहण्याची विनंती केली आणि स्वतः पाणी होऊन त्याच्या पायाशी वाहू लागला. असुराने मागितलेला हा वर मला फार आवडतो. मरतानाही त्याने जागा आणि पाणी या दोन्ही गोष्टींची व्यवस्था लावली. विमा न घेता!

पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्यावर, डोक्यावर एक हात, दुसरा हात मास्तरांच्या खांद्यावर, अशा थाटात मी निघालो. वर छताला वटवाघळं. त्यांचा आमच्यावर काही राग दिसला नाही. पिढ्यान्पिढ्या माणसांची ये-जा पाहून ती बँकेच्या कॅशियरइतकी निर्विकार झाली असावीत. बापू पाण्यात उतरले तेव्हा पुढे चाललेल्या एका बाईंनी दचकून मागे पाहिलं, पाणी एकाएकी कुठून वाढलं म्हणून. अण्णांनी तंबाखूची पुडी टोपीत ठेवली होती. अर्ध्या वाटेत कोणीतरी जयघोष केला, अण्णांनी भक्तिभावाने टोपी काढली, आणि जलासुराला तंबाखू मिळाली. बायका होत्या, म्हातारे होते, बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं होती. शेवटी जेमतेम आठेक माणसं उभी राहतील एवढी जागा. दर्शन घ्यायचं आणि त्याच पाण्यातून, समोरून येणाऱ्यांना अंग चोरून वाट देत परत.

मला भीती वाटली का? वाटली की! पण ती भीती दिव्यांखालची होती. आत दिवे होते, वाट एकच होती, ती किती लांब आहे हे ठाऊक होतं, पाणी कुठवर येतं हे ठाऊक होतं, आणि आत कोण आहे हे बाहेरच्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी दुपारी जेवताना शिकवलं, की बिदरचं पठार जांभ्या दगडाचं. जांभा म्हणजे दगडातला स्पंज. पाऊस पितो, पाणी खालच्या टणक थरावर अडतं आणि वाट मिळेल तिथे झिरपत बाहेर येतं. बहमनी काळात लोकांनी याच पाण्यासाठी बिदरच्या पोटात बोगदे खणले, त्यांना कारेज म्हणतात. औरंगाबादला मलिक अंबरने केलेली नहर त्याच घराण्यातली. या बोगद्यांची एक खुबी मला विशेष वाटली. ठरावीक अंतरावर वर उघडणारी विहिरीसारखी झरोकी ठेवलेली असते. खणणाऱ्याला हवा, थोडा उजेड, आणि गाळ काढायला वाट. पाचशे वर्षांपूर्वी जमिनीखाली माणूस पाठवताना कोणीतरी आधी त्याच्या श्वासाचा विचार केला होता. हे लक्षात ठेवा. मला पुढे त्याची गरज लागणार आहे.

बिदरहून आल्यावर खरं तर समाधान व्हायला हवं होतं. पण बापूंना चटक लागली. त्यांच्या भाच्याने एका साहसी सहलीची जाहिरात आणून दिली : 'किल्ल्याच्या पोटातला थरार. अरुंद भुयार. पाण्यातून सरपटत. मर्यादित जागा.' मर्यादित जागा हे भुयाराबद्दल होतं की बसबद्दल हे लिहिलं नव्हतं. किल्ल्याचं आणि सहलवाल्यांचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. किल्ल्याचा तर काहीच दोष नव्हता. जुलैचा दुसरा रविवार होता. पाऊस असा, की समोरच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

पायथ्याला एका मुलाने अर्ज वाटले. 'मी माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर...' असा मजकूर. बत्तीस वर्षं मी लोकांकडून अर्ज भरून घेतले आहेत, पण असा अर्ज आयुष्यात पाहिला नाही. आमच्या अर्जात निदान मेल्यावर काय मिळेल ते लिहिलेलं असे. यात मेल्यावर कोणाकडून काय मिळणार नाही याची यादी होती, आणि खाली सही. रक्तगट, घरचा फोन, रक्तदाब आहे का, दमा आहे का, यांपैकी एक रकाना नाही. माझ्या मते हा कागद सहलवाल्याच्या धाडसाचा पुरावा आहे, आपल्या नव्हे. मी सही केली नाही आणि आत जाणार नाही असं सांगून भुयाराच्या तोंडाशी छत्री उघडून बसलो. खिशात वही होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहून घेतली. सवय! मोजून तेरा माणसं गेली.

भुयार म्हणजे पाण्याच्या दोन टाक्यांना जोडणारी फट. एका अंगाने आत जायचं, कातळाखालून पाण्यात सरपटायचं, पलीकडे निघायचं. बापू खांद्यापर्यंत गेले आणि तिथेच देवाने त्यांना अडवलं. देहाचा असा उपयोग होतो हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. तोंडाशी ओहोळ होता, तो मी बसलो तेव्हा घोट्याला होता. पाऊण तासाने पोटऱ्यांना लागला. मी म्होरक्या पोराला हाक मारून म्हणालो, "अरे, पाणी चढतंय."

"काका, इथे पाणी चढत नाही."

"कोणी सांगितलं?"

"मागच्या वेळी नाही चढलं."

वाचकहो, या वाक्यावर माझा सगळा राग आहे. बाकीचा निबंध नाही वाचलात तरी चालेल. मागच्या वेळी नाही चढलं! हा जर पुरावा धरायचा तर विमा कंपनीने जिवंत माणसाकडून हप्ताच घेऊ नये, कारण तो मागच्या वेळी मेलेला नसतो.

माणसं बाहेर आली. मी खुणा करत गेलो. बारा. पुन्हा मोजली. बारा. म्होरक्याला विचारलं, किती गेली होती? तो म्हणाला, "असतील दहा-बारा." वहीत तेरा होती. नावं वाचली तर इचलकरंजीचा एक तरुण कमी. हाका सुरू झाल्या. भुयाराला हाक मारणं हा मोठा वाईट प्रकार असतो. आपलाच आवाज आपल्याकडे घाबरून परत येतो. आणि मग, कोणी काही म्हणायच्या आत, एकसष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी घेणारे आमचे अण्णा टोपी माझ्या हातात देऊन पुन्हा आत शिरले. त्यांनी त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा सकाळच्या बसमध्ये पाहिलं होतं.

अण्णा वीस मिनिटं आत होते. ओहोळ गुडघ्याच्या खाली चार बोटं होता. बापू काहीही बोलत नव्हते आणि बापू बोलत नाहीत असं मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. अण्णा बाहेर आले तेव्हा ओठ निळे आणि दात वाजत होते. "न्हाई लगा, आत कुणी न्हाई," म्हणाले आणि खाली बसले. तेवढ्यात मास्तर धावत आले. तरुण सापडला होता. पलीकडच्या तोंडाने केव्हाच बाहेर पडून, भूक लागली म्हणून खाली टपरीवर जाऊन कांदाभजी खात होता. दुसरी प्लेट.

सगळे हसले. फोटो निघाले. परतताना बसमध्ये गाणी झाली. अण्णा माझ्या शेजारी शालीत गुंडाळून बसले होते आणि मला एवढंच कळत होतं, की ज्याला काहीही झालं नव्हतं त्याच्यासाठी हा माणूस आज गेला असता, आणि उद्याच्या पेपरात त्याचा 'अतिउत्साही पर्यटक' झाला असता.

कोणी म्हणेल, एका मूर्ख सहलीवरून सगळ्या गुहेबहाद्दरांना झोडू नका. बरोबर आहे. मी जातिवंत गुहेवाल्यांना झोडतच नाही. मी त्यांचा साक्षीदार म्हणून आधार घेतो आहे. या लोकांचे नियम वाचा. डोक्यावर हेल्मेट. माणशी तीन दिवे, एकमेकांवर अवलंबून नसलेले. एकट्याने जायचं नाही. पावसाच्या दिवसांत पाण्याच्या गुहेत जायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : किती वाजता परत येणार ते बाहेर कोणाला तरी सांगून जायचं, आणि त्या वेळेला नाही आलो तर त्याने कोणाला कळवायचं तेही ठरवून जायचं. म्हणजे वही घेऊन छत्रीखाली बसलेला माणूस हा त्यांच्या शास्त्रात भित्रा नव्हे, पदाधिकारी आहे!

शंभर वर्षांपूर्वी, १९२५ च्या जानेवारीत, अमेरिकेत केंटकीमध्ये फ्लॉइड कॉलिन्स नावाचा मोठा तयारीचा गुहासंशोधक एकटाच एका चिंचोळ्या वाटेत शिरला. परतताना एक दगड निसटून त्याच्या पायावर पडला. दगड केवढा? बारा किलोच्या आसपास. कोल्हापुरी गुळाच्या रव्याच्या निम्माही नव्हे. पण जागाच अशी, की त्याला हात पोचेना आणि दुसऱ्यालाही पोचेना. दोन आठवडे प्रयत्न चालले. वर मैदानात हजारोंची जत्रा भरली, खाद्यपदार्थ विकले गेले, वार्ताहर आले, आणि खाली तो माणूस थंडीने आणि उपासाने मेला. आपल्याकडे असं झालं तर जत्रेत काय-काय विकलं जाईल याची यादी मी मनात केली आहे. ती इथे देत नाही.

आणि थायलंड तर सगळ्यांना आठवत असेल. २३ जून २०१८. फुटबॉल खेळून झाल्यावर बारा मुलगे आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक थाम लुआंगच्या गुहेत शिरले आणि मागे पाणी भरलं. गुहेबाहेर सूचनेचा फलक होता, की जुलै ते नोव्हेंबर आत जाणं धोक्याचं. जून होता ना! पाऊस फलक वाचून येत नाही. नऊ दिवस मुलांचा पत्ता नव्हता. २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुडे पोचले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळ्यांना काढलं. त्याआधी ६ जुलैला समान कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान हवेच्या टाक्या पोचवून परतताना वारला. म्हणजे तिकडचे अण्णा परत आले नाहीत.

पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती. किर्लोस्करवाडी आमच्यापासून गाडीने फार लांब नाही. त्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर पंपाविषयी जेवढं बोललं गेलं तेवढं ऊसदराविषयीही बोललं गेलं नसेल, आणि हे जयसिंगपूर आहे, जिथे दर वर्षी ऊस परिषद भरते. बापूंची छाती तर अशी फुगली होती, की तीन अश्वशक्तीचा आपला विहिरीवरचा पंपच तिकडे गेला असं वाटावं. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातलं खरं साहस पंप, दोर, टाक्या, औषधाचा डोस आणि घड्याळ यांचं होतं. ते पाणबुडे टेबलावर कागद पसरून तास न् तास हिशेब करत होते. त्यांना कोणी म्हणालं नाही, की मोजत बसलात तर मजा जाईल.

'मजा जाते' हाच तो दुसरा आवडता युक्तिवाद. सगळं ठरवून, मोजून केलं तर साहस कसलं? मी उलट विचारतो : दिवा नेल्याने ज्याची मजा जाते त्याला मजा कशाची येत होती? अंधाराचीच ना? मग घरात पांघरुणात डोकं घालून बसा. स्वस्त पडेल.

आमच्याच भागात एक उदाहरण आहे. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर. तिथली माती अशी, की तिच्यात खड्डा करून हळद भरली तर वर्षानुवर्षं टिकते. ही हळदीची पेवं. वर तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल असं. आत पोट मोठं. पेव भरलं की तोंड बंद, वर माती. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं गेली आणि आता शीतगृहं आली, पण जुने हमाल सांगतात ते ऐका. पेव उघडलं की कोणी लगेच उतरत नसे. हवा खेळू द्यायची. मग दोरीने कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस. विझला तर वरच बसायचं, बिडी ओढायची, थांबायचं. बंद कोठारात माल श्वास घेतो, प्राणवायू संपवतो आणि जड वायू तळाला साचतो, हे त्या हमालांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आणि कंदील विझल्यावर कोणी कोणाला भित्रा म्हटल्याचं आठवत नाही. पोटासाठी उतरणाऱ्याला तसली चैन परवडत नाही.

आता थोडं कडू लिहितो. बापूंच्या भाच्याने त्या सहलीसाठी हेल्मेट विकत आणलं, डोक्यावरचा दिवा आणला, हातमोजे आणले, गुडघ्यांच्या वाट्या आणल्या. पुढच्याच महिन्यात एका शहरात, नाव कशाला, मी रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. ड्रेनेजचं झाकण काढलेलं. आत एक माणूस उतरला. अंगात चड्डी आणि बनियन. दोर नाही, दिवा नाही, हेल्मेट नाही, आत हवा कशी आहे ते कोणी पाहिलेलं नाही. वाट अरुंद, ओली आणि अंधारी; जाहिरातीत लिहिलं होतं अगदी तशी. फक्त त्याने पैसे भरले नव्हते. माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली ते तीस लाख केले. विम्यातला माणूस म्हणून सांगतो, भरपाईची रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मरणं थांबलेली नाहीत. त्या माणसासाठी कंदीलसुद्धा कोणी सोडला नाही. तिथे उभ्या असलेल्या एका साहेबांना मी विचारलं, आतल्या वायूचं काय? ते म्हणाले, "काही होत नाही. नेहमीचा आहे तो."

मागच्या वेळी नाही चढलं!

बिदरला पाचशे वर्षांपूर्वी झरोकी ठेवणारी माणसं मला त्या दिवशी फार आठवली. आणि आमचा भाचा थरारासाठी हेल्मेट घालून जातो त्याचा मला राग नाही, त्याने घालावंच. पण शहराच्या भुयारात उतरणाऱ्याच्या डोक्यावर ते जोवर नाही तोवर त्याने मला शौर्याच्या गोष्टी सांगू नयेत. निदान जेवताना नको.

हे सगळं मी कट्ट्यावर बोललो. अण्णा ऐकून घेतात. त्या दिवसापासून त्यांनी भुयाराचं नाव काढलेलं नाही. मास्तर मात्र नकाशा घेऊन आले. मेघालय! तिथे खरी चुनखडी, खऱ्या गुहा. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरहून लांब. क्रेम पुरी वालुकाश्मातली, साडेचोवीस किलोमीटर. मावम्लूहच्या गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरून तर २०१८ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातल्या अलीकडच्या ४,२०० वर्षांना 'मेघालयन' नाव दिलं. म्हणजे आपण सगळे सध्या मेघालयातच राहतो आहोत, असं मास्तरांचं म्हणणं. मग प्रत्यक्ष जायला काय हरकत?

मी म्हटलं, हरकत काही नाही. हिवाळ्यात जायचं, पावसात नाही. ज्या गुहेचा नकाशा झालाय तिथेच, आणि तिथला जाणता माणूस पुढे. माणशी तीन दिवे. प्रत्येकाचा रक्तदाब वहीत. मी वही घेऊन तोंडाशी बसणार, आणि ठरलेल्या वेळेला बाहेर आला नाहीत तर काय करायचं ते आधी लिहून देणार. आणि बापू आत जाणार असतील तर आधी चौकट.

गुहेवाले लोक सरावासाठी लाकडाची एक चौकट वापरतात. दोन फळ्या, मधलं अंतर कमी-जास्त करता येणारं. त्यातून सरपटून पाहायचं. घरी अडकलेलं बरं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सुताराकडून मी एक करून घेतली आहे. गेले तीन आठवडे ती बापूंच्या सोप्यात भिंतीला टेकून उभी आहे. नातवंडं दिवसभर तिच्यातून आर-पार करतात. बापू रोज तिच्याकडे बघतात, पोटावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "आत्ताच जेवलोय लगा. उद्या बघू."